'हाऊ आय मेट युअर मदर'चा शेवट नेमका कुठे बिघडला

31 मार्च 2014 रोजी सीबीएस वाहिनीवर 'हाऊ आय मेट युअर मदर'चा शेवटचा जोडभाग लागला. त्याचं नाव 'लास्ट फॉरेव्हर'. नऊ पर्वं, 208 भाग, आणि त्या रात्री अमेरिकेत एक कोटी तीस लाखांहून जास्त प्रेक्षक. या मालिकेच्या एका भागाला एवढे लोक याआधी कधीच जमले नव्हते. म्हणजे नाराजीही तेवढ्याच मोठ्या संख्येने झाली. आपल्याकडे स्टार वर्ल्डवर ही मालिका पाहणाऱ्या पिढीत आजही तिचा विषय निघाला, की पहिल्या दोन वाक्यांतच शेवटाबद्दल भांडण लागतं.

पुढे सगळा शेवट उघड केला आहे. मालिका पाहायची राहिली असेल तर आधी ती पाहा, मग हे वाचा.

सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे शेवटी दाखवलेल्या आईच्या मृत्यूची: "आईला मारायला नको होतं". मला ती पटत नाही. विनोदी मालिकेत मृत्यू आणू नये असा काही नियम नाही, आणि या मालिकेने तर तो एकदा इतका उत्तम आणून दाखवला होता की तोड नाही. माझी तक्रार वेगळी आहे. शेवट 2006 मध्ये ठरला आणि त्याचा काही भाग तेव्हाच चित्रित करून ठेवला गेला. मालिका मात्र पुढची आठ वर्षं वेगळ्याच दिशेला वाढत राहिली. दोन्हींचा सांधा जुळवायला जो वेळ लागला असता, तो शेवटच्या पर्वात भलत्याच ठिकाणी खर्च झाला.

आधी मालिकेची रचना पाहू, कारण दोष तिथूनच सुरू होतो. 2030 साली टेड मोस्बी आपल्या दोन मुलांना, पेनी आणि ल्यूकला, सोफ्यावर बसवून त्यांच्या आईची भेट कशी झाली ते सांगतो. म्हणजे आपण पाहतो ते सगळं आठवणीतलं आहे. यातूनच मालिकेची सगळी मौज येते. टेडला एखादीचं नाव आठवत नाही, म्हणून ती अख्ख्या भागात 'ब्ला ब्ला'च राहते. बापाने मुलांसमोर गांजाचं नाव कसं काढायचं, म्हणून पडद्यावर सगळे सँडविच खाताना दिसतात. बोकडाची गोष्ट तो चुकीच्या वाढदिवसाला जोडतो आणि नंतर दुरुस्त करतो. असं उड्या मारत सांगायचं तर दृश्यं पुष्कळ लागतात, आणि प्रेक्षकांसमोर सलग चित्रित करणं अशक्य होतं. म्हणून बहुतेक सिटकॉमसारखे अनेक कॅमेरे वापरूनही इथे स्टुडिओत प्रेक्षक नसायचे. भाग संकलित झाल्यावर तो लोकांना दाखवून हसू ध्वनिमुद्रित केलं जाई. 208 पैकी 196 भाग पामेला फ्रायमन या एकाच दिग्दर्शिकेने केले आहेत. गुंता इतका असूनही मालिका कधी विस्कळीत वाटली नाही, याचं मोठं श्रेय तिला द्यायला हवं.

या रचनेत एक व्यावहारिक अडचण होती. सोफ्यावरची मुलं. कथेत ती एकाच बैठकीत गोष्ट ऐकत आहेत, पण प्रत्यक्षात मालिका किती वर्षं चालेल ते कुणालाच माहीत नव्हतं. लिंडसी फोन्सेका आणि डेव्हिड हेन्री हे दोघे तेव्हा किशोरवयीन होते. आठ वर्षांनी त्यांना पुन्हा सोफ्यावर बसवलं असतं तर दोघेही चांगले मोठे दिसले असते. म्हणून निर्माते कार्टर बेज आणि क्रेग थॉमस यांनी दुसऱ्या पर्वाच्या सुमारास, 2006 मध्येच, मुलांची शेवटची प्रतिक्रिया चित्रित करून ठेवली आणि गुप्त राखली. त्या दृश्यात मुलं बापाला सांगतात की ही आईची गोष्टच नाही, आई तर यात फारशी दिसतच नाही. तुमच्या जुन्या मैत्रिणीवर, रॉबिन आत्यावर, तुमचं प्रेम आहे आणि तिला विचारायला तुम्हाला आमची परवानगी हवी आहे. आई जाऊन सहा वर्षं झाली, आता जा रॉबिन आत्याकडे.

2006 मध्ये हे दृश्य चोख बसत होतं. पहिल्याच भागात टेड रॉबिनसाठी उपाहारगृहाच्या भिंतीवरचा निळा फ्रेंच हॉर्न चोरतो, आपल्याला वाटतं हीच ती, आणि शेवटच्या क्षणी निवेदक सांगतो की अशी माझी तुमच्या रॉबिन आत्याशी भेट झाली. त्या कलाटणीचं उत्तर म्हणून शेवट पुन्हा रॉबिनच्या खिडकीखाली, पुन्हा तोच हॉर्न. कागदावर ही रचना देखणी आहे. मालिका दोन-तीन पर्वांत आटोपली असती तर लोकांनी या शेवटाला डोक्यावर घेतलं असतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पण दहाव्या वर्षी मापाने शिवलेला सदरा अठराव्या वर्षी अंगात जात नाही. मधल्या काळात काय काय झालं ते पाहा.

टेड आणि रॉबिन पहिल्या पर्वाच्या अखेरीस एकत्र येतात आणि दुसऱ्याच्या अखेरीस, 'समथिंग ब्लू' या भागात, वेगळे होतात. कारण स्वच्छ आहे: त्याला घर-संसार आणि मुलं हवीत, तिला जग फिरायचंय, काम करायचंय. कुणीही खलनायक नाही. सिटकॉममध्ये इतकं समजूतदार ब्रेकअप क्वचित दिसतं. मग टेडचा मित्र बार्नी रॉबिनच्या प्रेमात पडतो, पाचव्या पर्वात ते दोघे जोडपं म्हणून वावरतात आणि तुटतात. सातव्या पर्वात 'सिंफनी ऑफ इल्युमिनेशन'मध्ये रॉबिनला कळतं की तिला मूल होऊ शकत नाही. त्याच पर्वातल्या 'नो प्रेशर'मध्ये टेड तिला सरळ विचारतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे का, आणि ती सरळ नाही म्हणते. आठव्या पर्वात 'द फायनल पेज'मध्ये बार्नी प्लेबुकमधला, म्हणजे बायकांना पटवण्याच्या डावांच्या आपल्या वहीतला, शेवटचा डाव रचून तिला मागणी घालतो, आणि जिथे तो डाव उलगडतो त्या इमारतीपर्यंत तिला टेडच घेऊन जातो. नवव्यातल्या 'सनराइज'मध्ये टेड समुद्रकिनाऱ्यावर तिचा हात सोडतो आणि ती फुग्यासारखी वर निघून जाते. आणि लग्नाच्या दिवशी, 22व्या भागात, घाबरलेली रॉबिन जेव्हा म्हणते की बहुधा मी तुझ्याशीच लग्न करायला हवं होतं, तेव्हा टेड तिला प्रेमाने नकार देतो.

हे दार एकदा नाही, पाच-सहा वेळा बंद केलं. प्रत्येक वेळी लेखकांनी प्रेक्षकाला सांगितलं की आता पुढे बघायचं. आणि दरवेळी ते मनापासून लिहिलेलं होतं, चांगलं लिहिलेलं होतं. म्हणूनच प्रेक्षकांनी ते खरं मानलं. शेवटच्या तीन-चार मिनिटांत ते सगळं उलटं फिरवलं, तेव्हा दुखावले गेले ते सर्वात लक्ष देऊन पाहणारे. ज्याने सहज कधीतरी चार भाग पाहिले त्याला हा शेवट गोडच वाटतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. मालिका लवकर बंद पडली असती तर पहिल्या पर्वातली बेकरीवाली व्हिक्टोरिया हीच आई ठरली असती, असं निर्मात्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. म्हणजे आई कोण, याबाबत ते परिस्थिती पाहून बदलायला तयार होते. शेवटाबाबत मात्र नाही. माझ्या मते नेमकं उलट हवं होतं. चित्रफितीत बंद करून ठेवलेलं दृश्य ही एक सोय होती. तिचा करार झाला.

आता नववं पर्व. इथलं गणित मांडल्याशिवाय रागाचं कारण कळत नाही.

या पर्वात 24 भाग आहेत. पहिले 22 भाग फारहॅम्प्टनच्या एका हॉटेलात, बार्नी आणि रॉबिनच्या लग्नाआधीच्या जेमतेम अडीच दिवसांत घडतात. एक भाग साधारण 22 मिनिटांचा धरला तर सुमारे आठ तासांचा ऐवज अडीच दिवसांना दिला. त्यानंतर शेवटच्या जोडभागात, म्हणजे पाऊण तासाच्याही आत, 2013 ते 2030 अशी सतरा वर्षं उरकली. त्यात काय काय आलं? लग्नाची मेजवानी, टेड आणि ट्रेसीची, म्हणजे मुलांच्या आईची, भेट, बार्नी-रॉबिनचा घटस्फोट, पेनीचा जन्म, लग्न लांबणीवर पडणं, रॉबिनचं मंडळींपासून तुटणं, टेडच्या मित्राचं, मार्शलचं, न्यायाधीश होणं, बार्नीला मुलगी होणं, टेड-ट्रेसीचं 2020 मधलं लग्न, ट्रेसीचं आजारपण आणि मृत्यू, सहा वर्षांचं विधुरपण, मुलांची परवानगी आणि हॉर्न. यातली किमान चार प्रकरणं प्रत्येकी दोन-दोन भाग मागणारी होती.

आणि त्या आठ तासांत काय केलं? मार्शलला मिनेसोटाहून गाडीने यायला 13वा भाग उजाडला. त्यातला एक अख्खा भाग, 'बेडटाइम स्टोरीज', यमकं जुळवत बसमध्ये गेला. मार्शल आणि बार्नीमधल्या थपडेच्या पैजेसाठी आणखी एक भाग, त्यात कुंग-फू चित्रपटांची नक्कल. पैज दुसऱ्या पर्वातली, 'स्लॅप बेट' हा मालिकेच्या सर्वोत्तम भागांपैकी एक. पण तिची चव तोवर पार गेली होती. हे भाग वाईट आहेत म्हणून मी तक्रार करत नाही. पाचव्या पर्वात असते तर खपून गेले असते. निरोपाच्या पर्वात तेवढी चैन परवडणारी नव्हती.

बरं, ज्या लग्नासाठी हे सगळं केलं, ते लग्न 22व्या भागात लागतं आणि 23व्या भागात मोडतं. तीन वर्षं संसार चालला, अर्जेंटिनातल्या एका हॉटेलात दोघांचं बोलणं झालं आणि ते मित्रांना येऊन सांगतात की आम्ही वेगळे झालो. कारण दिलं आहे: रॉबिनच्या नोकरीचा सततचा प्रवास. कारण खोटं नाही. रॉबिनच्या स्वभावाशी जुळणारंही आहे. पण प्रेक्षकाने संपूर्ण वर्ष ज्या निर्णयाच्या बाजूने मन तयार केलं, तो निर्णय मोडताना त्याला त्यातला एकही ताण पाहायला मिळाला नाही. एक भांडण नाही, एक चुकलेला वाढदिवस नाही, विमानतळावरचा एक फोन नाही. त्यामुळे घटस्फोट पात्रांनी घेतल्यासारखा वाटत नाही. रॉबिनला शेवटच्या दृश्यासाठी मोकळी करायला लेखकांनी दिल्यासारखा वाटतो.

बार्नीचं त्यानंतरचं वागणं मला सर्वात जास्त खटकतं. आठव्या-नवव्या पर्वांत तो ज्या कष्टाने बदलला, ते सगळं पुसून तो पुन्हा पहिल्यासारखा बायकांच्या मागे लागतो. मग एका अनाम स्त्रीपासून त्याला मुलगी होते, एली. मालिका त्या आईला नावही देत नाही, फक्त क्रमांक देते: 31. तरीही बार्नी त्या बाळाला पहिल्यांदा हातात घेतो ते दृश्य शेवटच्या भागातलं सर्वोत्तम दृश्य आहे. बार्नी साकारणारा नील पॅट्रिक हॅरिस तिथे एका मिनिटात जे करतो ते पाहून वाईट वाटतं ते याचंच, की त्या मिनिटाला आधार देणारा एक पूर्ण भाग त्याला मिळाला नाही.

आता मृत्यूकडे येतो. सहाव्या पर्वातला 13वा भाग, 'बॅड न्यूज', 3 जानेवारी 2011 रोजी दाखवला गेला. भागभर पार्श्वभूमीत आकडे दिसत राहतात, 50 पासून 1 पर्यंत उलटे: फायलींवर, बाटल्यांवर, पाट्यांवर. पाहणाऱ्याला कळतं की काहीतरी येऊ घातलंय, पण गोष्ट चालली आहे मार्शल आणि त्याची बायको लिली यांना मूल होण्याबद्दलच्या डॉक्टरच्या भेटींची, आणि बातमी चांगली निघते. मग लिली टॅक्सीतून उतरते आणि मार्शलला सांगते की त्याचे वडील गेले. पुढचा संपूर्ण भाग, 'लास्ट वर्ड्स', अंत्यविधीचा. वडील आपल्याशी शेवटचं काय बोलले, या एका प्रश्नावर तो उभा आहे. तो हसवतोही, आणि तरी दुःखाला कुठे धक्का लागत नाही. त्यानंतर उरलेल्या पर्वभर मार्शल तो आघात घेऊन वावरतो, नोकरीबद्दलचे त्याचे निर्णयही त्यातूनच येतात.

म्हणजे विनोदी मालिकेत मृत्यू कसा आणायचा हे याच लेखकांना पक्कं माहीत होतं. आधी सूचना, मग आघात, मग शोक, मग त्याचे परिणाम. मार्शलचे वडील तर अधूनमधून दिसणारं पात्र होतं. मालिकेच्या नावातल्या आईला मात्र निवेदनातली एक-दोन वाक्यं आणि रुग्णालयातल्या खाटेजवळचं काही सेकंदांचं दृश्य मिळालं. अंत्यविधी नाही. मित्रांपैकी एकाचाही शोक नाही. त्या सहा वर्षांत टेडने दोन मुलं एकट्याने कशी वाढवली त्याचं एकही दृश्य नाही. कथेतल्या काळात सहा वर्षं गेली, पण पाहणाऱ्याच्या काळात मिनिटभरही गेलं नाही, आणि टेड हॉर्न घेऊन निघाला. दुःखाला जागाच दिली नाही तर पुढे जाणं हे विसरून जाण्यासारखं दिसतं. टेड असा माणूस नाही. तसा दिसला, एवढंच.

सूचना पेरली नव्हती असंही नाही, आणि ते श्रेय द्यायलाच हवं. आठव्या पर्वातल्या 'द टाइम ट्रॅव्हलर्स'मध्ये टेड कल्पनेतच धावत तिच्या दारात जातो आणि सांगतो की आपण 45 दिवसांनी भेटणार आहोत, पण मला ते जास्तीचे 45 दिवसही हवे आहेत. पहिल्यांदा पाहताना ती एका एकट्या माणसाची तळमळ वाटते. शेवट कळल्यावर तेच बोलणं विधुराचं होतं. नवव्या पर्वातल्या 'व्हेसुव्हियस'मध्ये, 2024 साली, मुलीच्या लग्नाला कोणती आई येणार नाही, असं ट्रेसी सहज म्हणते आणि टेडचे डोळे भरून येतात. पुष्कळ प्रेक्षकांना तिथेच कळलं होतं. बी चांगलं पेरलं, पण पुढे त्याला वेळ दिला नाही.

यात आणखी एक गोष्ट कुणाच्याच हिशेबात नव्हती: आईची भूमिका करणारी क्रिस्टिन मिलिओटी. आठव्या पर्वाच्या शेवटच्या भागात, 13 मे 2013 रोजी, पिवळी छत्री आणि बास गिटार घेऊन तिकीट काढणारी ती काही सेकंद दिसली. आठ वर्षं जिच्याबद्दल फक्त ऐकलं, ती भूमिका कुणीही केली असती तरी अपेक्षाभंग होण्याची भीती होती. तसं झालं नाही. मिलिओटीने एका पर्वात, तेही मोजक्या दृश्यांत, ट्रेसीला इतकं खरं केलं की टेडची सगळी वाट पाहणं सार्थ वाटावं. 16वा भाग, 'हाऊ युअर मदर मेट मी', मालिकेचा 200वा भाग होता आणि तो जवळजवळ पूर्ण तिचा आहे. 2005 मध्ये वाढदिवसाच्या दिवशी तिचा प्रियकर मॅक्स जातो, आणि पुढची आठ वर्षं ती दुसऱ्या बाजूने टेडच्या जवळून जात राहते: सेंट पॅट्रिक दिनाच्या पार्टीत विसरलेली छत्री, चुकीच्या वर्गात शिरलेला प्राध्यापक, टेड जिच्याबरोबर फिरायचा त्या सिंडीसोबतची खोली. 'नो टुमॉरो', 'डेफिनिशन्स', 'गर्ल्स व्हर्सेस सूट्स' या जुन्या भागांतले सुटे धागे एकेक करून गाठले जातात. शेवटी हॉटेलच्या बाल्कनीत युकुलेलेवर ती 'ला व्ही आं रोज' गाते.

त्या भागाने जुन्या शेवटाचा आधारच काढून घेतला. मुलांचं म्हणणं काय, तर आई या गोष्टीत जवळजवळ नाहीच. 2006 मध्ये ते खरं होतं. 2014 मध्ये प्रेक्षक तिच्या प्रेमात पडून बसला होता. शिवाय तिनेही प्रेमाचा माणूस गमावला होता आणि ती आठ वर्षं त्यातून बाहेर पडायला झगडली, हे आपण नुकतंच पाहिलं. तिच्या शोकाला एक पूर्ण भाग, आणि तिच्यासाठीच्या शोकाला काही सेकंद. हा असमतोल लेखकांच्या लक्षात कसा आला नाही हे मला आजही कळत नाही.

रॉबिनवरचा अन्याय कमी बोलला जातो. तिला मुलं नको होती, मग होऊ शकत नाहीत असं कळलं, आणि 'सिंफनी ऑफ इल्युमिनेशन'ने ते दुःख फार नाजूकपणे दाखवलं. शेवटात हिशेब असा लागतो की टेडला मुलं ट्रेसीकडून मिळाली आणि ती मोठी झाल्यावर प्रेयसी रॉबिनच्या रूपाने मिळाली. दोन पूर्ण व्यक्तिमत्त्वाच्या बायका त्याच्या आयुष्यातल्या दोन गरजा भागवणाऱ्या ठरतात. लेखकांचा हेतू तसा नव्हता याची मला खात्री आहे. पण घाईत मांडलं की हेतू दिसत नाही, रचना तेवढी दिसते. आणि जग फिरणारी, यशस्वी पत्रकार झालेली रॉबिन 2030 मध्ये पुन्हा कुत्र्यांसह खिडकीत उभी राहून कुणाची वाट पाहत असल्यासारखी का दाखवावी?

काय करता आलं असतं? पर्वाचे भाग तेवढेच ठेवून मी अशी मांडणी केली असती. लग्न 10व्या भागात. त्यात हॉटेल, आजी, धर्मगुरू, लॉकेट, सगळं बसतं. 11व्यात टेड आणि ट्रेसीची रेल्वे स्थानकावरची भेट. मग 12 ते 15 टेड आणि ट्रेसी, वर्तमानात. 16वा भाग आहे तिथेच राहू द्यावा. 17 ते 19 बार्नी-रॉबिनचा संसार आणि त्याचं तुटणं, दोघांच्याही बाजूने. 20व्यात रॉबिनचं मंडळींपासून लांब जाणं; हॅलोवीनच्या पार्टीत पांढऱ्या देवमाशाच्या वेशातली लिली रिकाम्या घरात उभी असते ते दृश्य तसंच्या तसं घ्यावं, ते अप्रतिम आहे. 21 आणि 22 आजारपण आणि मृत्यू. 23वा भाग मुलांसोबतच्या त्या सहा वर्षांचा. इतकं झाल्यावर 24व्यात टेडने हॉर्न उचलला असता तर मी स्वतः टाळ्या वाजवल्या असत्या. शेवट तोच, हॉर्न तोच, 2006 मधलं चित्रीकरणही वाया गेलं नसतं.

दुसरा मार्ग सोपा होता: 2006 मधल्या चित्रणातला फक्त थोडा तुकडा वापरायचा आणि गोष्ट स्थानकावर संपवायची. हा मार्ग निर्मात्यांनाही सुचला होता, कारण तसा पर्यायी शेवट संकलित झालेला होता. प्रक्षेपणानंतर काही दिवसांतच कार्टर बेजने तो डीव्हीडीवर येणार असल्याचं जाहीर केलं, आणि सप्टेंबर 2014 मध्ये संपूर्ण मालिकेच्या संचात तो आला. त्यात नवं चित्रीकरण जवळजवळ नाही. बॉब सॅगेटच्या आवाजातलं निवेदन बदललं आहे आणि दृश्यांचा क्रम हलवला आहे. ट्रेसीच्या मृत्यूचा उल्लेख नाही, रॉबिनच्या खिडकीकडे जाणं नाही. पाऊस, फलाट, पिवळी छत्री, छत्रीवरच्या टी. एम. अक्षरांवरून दोघांचं लटकं भांडण, गाडी येते, संपलं. संकलनाच्या टेबलावर केवढी ताकद असते हे शिकायचं असेल तर दोन्ही शेवट लागोपाठ पाहावेत.

फलाटावरचं ते दृश्य दोन्हींत आहे आणि ते निर्दोष आहे. बाकावरच्या म्हाताऱ्या बाईने टेडला तिच्याशी बोलायला ढकलणं, दोघांचं एकाच वेळी लाजणं, छत्री कुणाची यावरून आठ वर्षांचे धागे दोन मिनिटांत उलगडणं. टेड साकारणाऱ्या जोश रॅडनॉरवर 'टेड कंटाळवाणा आहे' असा आरोप पुष्कळांनी केला. त्यांनी हे दृश्य पुन्हा पाहावं.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी काय सांगेन? पहिली चार पर्वं एकही भाग न गाळता. पाचव्यातले 'डेफिनिशन्स' आणि 'गर्ल्स व्हर्सेस सूट्स' चुकवू नका, नाहीतर नवव्यातला 16वा भाग अर्धाच कळेल. सहाव्यातले 13 आणि 14 एका बैठकीत. सातव्यातला 12वा आणि 17वा. आठव्यातले 11, 12, 20 आणि 24. नवव्यातले 1, 8, 13, 15, 16, 17, 19 आणि 22 पुरेसे आहेत. मधल्यातलं काही सुटलं तरी धागा तुटत नाही. त्यानंतर शेवटचा जोडभाग लावा, हॅलोवीनची पार्टी आणि बार्नीची मुलगी एवढं बघा, आणि फलाटाचं दृश्य सुरू होण्याआधी थांबवून डीव्हीडीवरचा शेवट लावा. घटस्फोट त्यातही कायम राहतो, तो टाळता येत नाही. मूळ शेवट पाहायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी पाहा, आणि त्याआधी 'द टाइम ट्रॅव्हलर्स'मधलं ते 45 दिवसांचं बोलणं पुन्हा ऐका. ते ऐकून मग गेलात तर ट्रेसीच्या मृत्यूला जोडभागाने जी तयारी दिली नाही, ती थोडीफार तरी मिळते.